एका ड्रॉवरमधली दोन पाकिटं

मंगळवार संध्याकाळ, सिरुसेरी

हॉस्पिटलच्या पेशंटांची माहिती ज्या एकाच कीने, म्हणजे लांबलचक गुप्त आकड्याने, बंद होते आणि उघडतेही, तिचे आम्ही दोन भाग केलेत. अर्धी की माझ्याकडे, अर्धी माझ्या सहकाऱ्याकडे, सेंथिलकडे; कागदावर लिहून, सीलबंद पाकिटात. एकट्याला काही उघडता येऊ नये म्हणून. आज तपासणीत दोन्ही सीलबंद पाकिटं सेंथिलच्याच ड्रॉवरमध्ये निघाली! एकावर माझी हिरव्या शाईतली सही. सगळ्यांदेखत ओरडले मी त्याच्यावर. तो हळूच म्हणाला, "अक्का, तुम्हीच दिलंत ना? तुमच्या बहिणीच्या लग्नाला पुण्याला जाताना."

दिलं होतं? हो. दिलंच होतं. परत मागायचं राहून गेलं.

आणि तेव्हापासून दर महिन्याला, माझं कपाट न उघडताच, नोंदवहीत 'पाकीट माझ्याच ताब्यात आहे' असं लिहून खाली तीच हिरवी सही करत आलेय मी.