पाच बटणांचा सदरा

रविवार, ३ मे

आदरणीय ताईंना, कंबर परवानगी देईल तितके वाकून नमस्कार.

कुटुंबाच्या मोबाइलवरील समूहात आपण परवा जो वृत्तान्त लिहिलात, तो मी तीनदा वाचला. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा दुरुस्तीसाठी आणि तिसऱ्यांदा, खरे सांगायचे तर, कोणी कोणी अंगठा उंचावला आहे ते मोजण्यासाठी. (अकरा. त्यांत माझ्या सख्ख्या भावाचा एक.) आपला गुडघा आता कसा आहे, डोळ्यांत थेंब वेळेवर घातले जातात की नाही, हे आधी विचारायला हवे होते. ते आता विचारतो आणि उत्तर चांगले असेल असे गृहीत धरून पुढे जातो. कारण इतका लांबलचक मजकूर ज्या डोळ्यांनी लिहिला, त्यांची प्रकृती उत्तमच असली पाहिजे.

त्या वृत्तान्तात चार चुका आहेत. आपण लिहिता की, मी आपल्या धाकट्या बहिणीचे चित्रांचे दुकान ‘एप्रिलभर बंद पाडलं’. ते अकरा दिवस बंद होते आणि मी ते पाडले नाही, ते पडले. (निदान पहिले दोन दिवस.) आपण लिहिता की, तिचे कौतुक होते म्हणून ‘यांच्या पोटात दुखतं’. माझे पचन उत्तम आहे. आपण लिहिता की, हे सारे एका ‘तरण्याबांड दातांच्या डॉक्टरवरून’ घडले. त्या गृहस्थांचे वय बहात्तर आहे. आणि आपण लिहिता की, ही माझ्यावर रागावून आपल्याकडे निघून आली. या चौथ्या चुकीपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल. चहा घेऊन बसावे.

आपणास ठाऊक आहे की ही गेली चव्वेचाळीस वर्षे जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडील टोकाला बसून चित्रे काढते. (दुसरे टोक माझे. मधल्या भागाविषयी वाद आहे.) चित्र पुरे झाले की ती ते पावाच्या डब्याला टेकवून उभे करायची आणि मला हाक मारून विचारायची, “कसं झालंय?” मग मी चष्मा पुसून सांगायचो की किटलीची तोटी वाजवीपेक्षा लांब झाली आहे, किंवा जिन्याची तिसरी पायरी दुसरीहून अरुंद आहे. काही ती सुधारायची, काही तशीच ठेवायची. मी छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. कंगव्यात केस अडकावा तशी माझी नजर चुकीवर अडकते, त्याला माझा इलाज नाही. पण मुद्दा हा की, तो प्रश्न ती जगात दुसऱ्या कोणालाही विचारत नसे. आपल्यालाही नाही. हे कृपया लक्षात ठेवावे.

गेल्या वर्षी आपली कन्या एका रविवारी आली आणि संध्याकाळपर्यंत हिचे संकेतस्थळ उभे करून गेली. व्यवस्था अशी ठरली : पुढच्या चौकातला छपाईवाला हिचे चित्र जाड कागदावर छापतो, प्रत्येक चित्राच्या तीसच प्रती निघतात, ही प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक आणि उजव्या कोपऱ्यात सही करते, आणि लोक त्या घरबसल्या मागवतात. चित्रांखालचा मजकूर आणि प्रती पाठवणे ही कामे माझ्याकडे आली. मी ‘जिन्यातली सायकल’ या चित्राखाली लिहिले : “एक सायकल. मागील चाकात हवा कमी. प्रत्यक्षातील जिना याहून अरुंद आहे.” यात एकही चूक नाही. भाचीने ते काढून ‘आठवणींचा मऊ प्रकाश’ असे घातले आणि मला समजावले की, काका, हवा कमी असलेली सायकल कोणी विकत घेत नाही. तेव्हापासून माझ्याकडे फक्त पाठवणी राहिली. ती मात्र मी अशी करतो की बघत राहावे. आधी बटर पेपर, मग पुठ्ठ्याची नळी, दोन्ही टोकांना झाकणे, चिकटपट्टी कात्रीने कापलेली. (आपली कन्या दातांनी तोडते.)

आता सदऱ्याकडे येतो. फेब्रुवारीत हिने गॅलरीच्या दोरीवर वाळत असलेला माझा निळ्या पट्ट्यांचा सदरा चितारला. डब्याला टेकवला, मला हाक मारली, प्रश्न विचारला. मी मोजले. चित्रात पाच बटणे होती. योगायोगाने तोच सदरा माझ्या अंगात होता. मी त्यावरची बटणे तिला वरून खाली मोजून दाखवली. सहा. ती एवढेच म्हणाली, “बरं.” आणि चित्र तसेच छपाईला गेले. एकोणीस दिवसांत सगळ्या प्रती संपल्या. आज कितीतरी अनोळखी घरांच्या भिंतींवर माझा सदरा वाळतो आहे, एका बटणाने कमी. मला त्याचे काही नाही. (मला त्याचे बरेच काही आहे, पण तो विषय वेगळा.) ज्याचे काही आहे ते हे की, त्यानंतर हिने सात चित्रे काढली आणि एकदाही मला हाक मारली नाही. चित्र पुरे झाले की ती त्याचा फोटो काढायची आणि डब्यातून पाव काढायची.

याच सुमारास ते दातांचे डॉक्टर उपटले. त्यांनी आधी सायकल घेतली, मग ‘दोन छत्र्या’, मग माझा सदरा. सदरा त्यांनी दवाखान्यातल्या खुर्चीच्या नेमका वर, छताला लावला. म्हणजे रोज पंधरा-वीस माणसे आ वासून माझा सदरा बघतात. हे त्यांनी स्वतःच कळवले, एका लांब पत्रात, ज्यात पूर्णविराम एकही नव्हता. ही ती पत्रे सकाळच्या चहाबरोबर वाचायची आणि हसायची. ताई, माझ्यामुळे ही इतकी हसलेली मला एकदाच आठवते, मी स्टुलावरून पडलो तेव्हा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी एका नळीच्या पोचेची चौकशी करायला संकेतस्थळाची पत्रपेटी उघडली, तर हिने त्या डॉक्टरांना एका अर्धवट चित्राचा फोटो पाठवलेला. खाली दोनच शब्द : “कसं झालंय?” मी बांधून ठेवलेली नळी सोडली आणि पुन्हा बांधली. मग पुन्हा सोडली.

त्याच आठवड्यात मी शिल्लक आणि पाठवलेल्या प्रतींची मोजणी केली. एकूण चौदा चित्रे. प्रत्येकाच्या प्रती क्रमांक दोनपासून सुरू. पहिली प्रत कोणत्याच गठ्ठ्यात नाही, आणि पाठवलेल्या प्रतींच्या माझ्या यादीतही नाही. चौदा पहिल्या प्रती, हिच्या हातच्या सहीच्या, माझ्या हाताखालून न जाता कोणाकडे तरी गेलेल्या. कोणाकडे, हे सांगायला मला कोणाची गरज वाटली नाही.

यापुढचे मी अभिमानाने लिहीत नाही. मी डॉक्टरांच्या पत्रांना हिच्या नावाने उत्तरे देऊ लागलो. एकूण तीन दिली. पहिल्यात कळवले की छत्र्या मोठ्या आकारात मिळणार नाहीत. दुसऱ्यात सुचवले की दात काढताना रुग्णांनी डोळे मिटून घेणेच हितावह. तिसऱ्यात पूर्णविरामाचे उपयोग सांगितले, उदाहरणांसह. तरी ते “आपला सल्ला मोलाचा” असे लिहीतच राहिले, तेव्हा १३ एप्रिलला मी त्यांचे नाव ग्राहकांच्या यादीतून काढण्यासाठी एक कळ दाबली. पडद्यावर आले, ‘दुकान तात्पुरते बंद आहे’. माझी प्रामाणिक समजूत अशी झाली की ते त्यांच्यापुरते बंद झाले.

ते सगळ्यांनाच बंद झाले आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळले, कारण बांधायला एकही नळी नव्हती. आपली कन्या कार्यालयाच्या कामासाठी परगावी होती. कळ पुन्हा दाबायची एवढेच काम होते. मी ती दाबली नाही.

का, ते लिहितो. ही आधी दर तासाला फोन बघायची. मग सकाळ-संध्याकाळ. मग तिने फोन साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला आणि म्हणाली की लोकांना आपला कंटाळा आला असेल, चालायचेच. आणि सातव्या दिवशी तिने दोन कपांचे एक लहानसे चित्र पावाच्या डब्याला टेकवले आणि मला हाक मारली. “कसं झालंय?” ताई, दोन्ही कपांचे कान एकाच बाजूला होते आणि सावल्या दोन वेगळ्या बाजूंना. मी म्हणालो, “छान.” पुढचे चार दिवस मी रोज सकाळी ठरवायचो की आज दुकान उघडायचे, आणि रोज सकाळी ती मला काहीतरी दाखवायची.

अकराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात टक्कल पडलेले, स्वेटर घातलेले, श्वास लागलेले एक ठेंगणे गृहस्थ. पत्ता त्यांनी नळीवर लिहिलेला पाहिला होता. (अक्षराची स्तुती केली. बांधणीचीही. मला त्या क्षणी ते नको होते.) दुकान बंद आणि शेवटची पत्रे अशी विचित्र, तेव्हा बाई आजारी तर नाहीत ना, हे बघायला ते दोन बस बदलून आले होते. मी त्यांना चहा दिला, कानतुटक्या कपात. त्यांनी फोनवरची ती तीन पत्रे हिला दाखवली. हिने तिन्ही वाचली. हसली नाही.

ते गेल्यावर, अडचणीत सापडलेला माणूस करतो तेच मी केले. मी उलट तपासणी सुरू केली. चौदा पहिल्या प्रती कोणाला दिल्यास, असे विचारले. ही कानतुटका कप विसळत म्हणाली,

“छपाईवाल्याकडे आहेत. पुढच्या प्रतींचे रंग जुळवायला सही केलेली पहिली प्रत तो ठेवून घेतो. तुम्ही छत्तीस वर्षं छापखान्यात काय करत होतात?”

ताई, मी छत्तीस वर्षे हेच करत होतो. लेखकाने सही केलेले पहिले मुद्रित माझ्याच खणात कुलूपबंद असे, आणि कोणी मागितले तर मी त्याला नियम वाचून दाखवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने स्वतः दुकान उघडले. संध्याकाळपर्यंत नऊ मागण्या आल्या. शनिवारी तिने बॅग भरली, ब्रश घेतले, माझ्या गोळ्या कुठे आहेत ते सांगितले, गॅसची कळ तपासली. मी दाराशी उभा होतो. मी म्हणालो, रागावून जाऊ नकोस. त्यावर ती जे म्हणाली ते शब्दशः देतो, कारण आपला वृत्तान्त इथेच चुकला आहे.

“राग नाही आलेला मला. मला अकरा दिवस वाटत होतं की माझं चित्र आता कुणालाच नकोय. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात.”

तेव्हा ‘राग’ हा शब्द काढावा. त्या जागी कोणता घालावा, हे मी आठ दिवस शोधतो आहे आणि मला सापडलेला नाही.

दुकान मी चालवतो आहे. एकोणीस नळ्या रवाना झाल्या. डॉक्टरांना माझ्या नावाने माफीचे पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले, दीड पान, पूर्णविरामाशिवाय. मी त्यात एकही घातला नाही. टेबलाचा मधला भाग रिकामा आहे.

गुडघ्यास जपावे. कन्येस आशीर्वाद.

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : पचनाविषयी वर जे लिहिले ते रद्द समजावे. पोटात दुखते. फेब्रुवारीपासून दुखते आहे.

ता. क. दुसरा : आपल्या तारखा दुरुस्त करण्यासाठी मी माझी रोजनिशी उघडली. तीत मला हव्या त्या तारखा सापडल्या आणि काही नको त्याही. सर्व देतो, कारण निवडून देणे हे माझ्या कामात बसत नाही.

दुकान बंद : आपण ‘एप्रिलभर’ लिहिता. योग्य, १३ ते २३ एप्रिल.

दुकान बंद असल्याचे मला कळले : आपण लिहिलेले नाही. बुधवार, १५ एप्रिल, सकाळी.

ही आपल्याकडे आली : आपण ‘त्याच दिवशी तडक’ लिहिता. योग्य, शनिवार, २५ एप्रिल. मधल्या दिवशी तिने माझे मोजे रफू केले.

निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्याचे चौथे बटण कपाटाच्या कडीत अडकून तुटले : रविवार, १ फेब्रुवारी.

सदऱ्याचे चित्र पुरे : मंगळवार, ३ फेब्रुवारी.

हिने ते बटण पुन्हा लावले : गुरुवार, ५ फेब्रुवारी.

मी हिला सहा बटणे मोजून दाखवली : शुक्रवार, ६ फेब्रुवारी. (चित्रात पाचच होती, कारण त्या दिवशी दोरीवर पाचच होती. हे तिला ठाऊक होते. मला ते आज कळले, हे आपण तिला सांगू नये. मला सांगायचे आहे.)

हिची परत येण्याची तारीख : आपण ‘जूनअखेर’ लिहिता. ही तारीख मला चुकीची वाटते. माझ्यापाशी कोणताही आधार नाही. कृपया तिला विचारून दुरुस्त करावी.