शुभांगी नावाची बाई इथं नाही

५ नोव्हेंबर
घात झाला! पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले, नि मी मळ्यात वांगी तोडत होते. त्यांनी शेजारच्या जैतुनबीला विचारलं, शुभांगीबाई कुठं राहतात? ती म्हणाली, “या नावाची कोनीच बाई नाही इथं!” गेले ते.
तिचा काय दोष? तिला मी पंचफुला. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं तेच लिहिलं, सासूबाईंच्या मर्जीचं. मॅट्रिकच्या दाखल्यावर नि सगळ्या कागदांवर मात्र शुभांगीच राहिले.
डिसेंबरअखेर रुचिकाचं बाळंतपण, तिकडे नेदरलँडात. मी नाही पोचले तर पोरीजवळ कोण?

६ नोव्हेंबर, गुरुवार
उपास. रुचिकाचा फोन. तिथं बाळंतिणीच्या घरी नेमलेली नर्सबाई येते. ती आधीच एकदा भेटून गेली, तेव्हा रुचिकानं विचारलं, आई येईपर्यंत थांबाल? “नाही, दिवस ठरलेले असतात.” हसून बोलली म्हणे, पण तसूभर हलली नाही! “तुझ्याकडे तर सगळं पोलिसाच्या मनावर, आई.”
महाराज, त्या मनात शिरा.

८ नोव्हेंबर
शिरले! जगदेव पोलीस आपणहून परत आले. “काकू, ‘राहत नाही’ लिहून मोकळा होत होतो. मंग ध्यानात आलं — माही मायबी माहेरी येक, सासरी येक.”
जैतुनबी धावतच आली. “फोटो काहून नाही दाखवला मंग? नाव बदललं सासूनं, थोबाड त नाही बदललं!”
जगदेव ओशाळले, हसले. तिचा जबाब घेतला, दोन्ही नावं लिहून. चहाही घेतला नाही.
पण त्यांची आई एकाच नावाची असती तर? — तिकडे कोणाच्या मनाची धास्ती नाही. इकडे कोणीतरी पाघळतं. कोणतं बरं, मला ठरवता येईना.

२७ नोव्हेंबर
पासपोर्ट हातात! व्हिसा बाकी. जुना स्वेटर उसवून टोपडं विणायला घेतलं. लोकर कायले विकत आणायची!

६ डिसेंबर
नात झाली! तीन आठवडे आधीच. दोघी सुखरूप. साखर ठेवली देवापुढे. व्हिसा अजून नाही.

१४ डिसेंबर
नर्सबाईचे दिवस आज संपले. वेळ झाली, पर्स उचलली, गेली. उद्यापासून जावई कामावर. पोर फोनवर रडली. मी नाही रडले, फोन ठेवेपर्यंत.

१५ डिसेंबर
नर्सबाई आज पुन्हा आली! साध्या कपड्यांत, हातात सूपचा डबा. “आज मी कामावर नाही. तुझी आई येईपर्यंत शेजारीण.”