तिसरं नको

अव्वा, तुला सांगितलं तर खरं वाटायचं नाही, पण खाण्याच्या डोंगरापुढं बसून मी एक दिवस उपाशी काढला. तोही जहाजावर. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "आणि वाढणारा कुठं मेला होता?" तेच सांगायला बसलेय.

जहाज म्हणजे होडी नव्हे. अख्खी एक सोसायटी पाण्यावर सोडून दिलेली, तसं. आत लिफ्ट, दुकानं, गाण्याबजावण्याचा हॉल आणि वर गच्चीवर पोहायचा तलाव. भर समुद्रात पोहायला तलाव कशाला, असं मी लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, इथं प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलंय आपलं." असं काही ठरलं नव्हतं. ही म्हणजे तुझी नात. तू गेलीस तेव्हा फ्रॉकच्या खिशात चिंचोके घालून फिरायची. आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेबीण आहे. तिनं मला न विचारताच तिकिटं काढली, मुंबईहून गोवा आणि परत. ह्यांना उजनीच्या धरणावर लाँचमध्ये बसलं तरी गरगरतं, म्हणून ते घरी राहिले. तिकिटं काढूनच झाली होती, त्यामुळं मला नको म्हणायची सोयच उरली नव्हती.

तर पहिलं जेवण. पांढरं टेबलक्लॉथ, एका माणसाला तीन काटे, दोन सुऱ्या, नॅपकिनचं कमळ. एक वाढपी आला, काळा कोट, केस चापून बसवलेले, वाकून म्हणाला, मॅडम, सूप? मी म्हटलं, नको. आपल्याकडं आल्या आल्या कोण हो म्हणतं? तो हसला आणि गेला. मी वाट बघितली. मग पनीरचं काहीतरी आलं, तेही मी नको म्हटलं, तेही गेलं. पुलाव गेला. शेवटी काचेच्या वाटीत आंब्याचं काहीतरी पांढरंपिवळं थरथरत आलं, ते मला मनापासून पाहिजे होतं, पण जीभ सवयीनं बोलली, नको. तेही गेलं, अव्वा. माझ्या डोळ्यांदेखत पलीकडच्या टेबलावर गेलं आणि तिथल्या बाईनं पहिल्याच विचारण्याला हो म्हणून खाल्लंसुद्धा. लेक आपली मन लावून जेवत होती. म्हणाली, "तुला भूक नाही का? बरं केलंस, दुपारचं जड खाऊच नये." संध्याकाळी वरच्या मजल्यावर बुफे होता, हातानं घ्यायचं. तिथं मी लाजून दोन चमचे भात घेतला आणि दुसऱ्यांदा ताट घेऊन रांगेत उभं राहायचं मला जमलं नाही. लोक काय म्हणतील, ही खादाड कुठून आली? लोक काहीच म्हणत नव्हते, लोक चौथ्यांदा जात होते.

तुझी खानावळ आठवली. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या तोंडाशी पत्र्याची ती खोली, बाहेर भिंतीला टेकवलेल्या सायकली, आत मागावरची माणसं, अंगावर, भुवयांवर कापसाची पिंज. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, कांदा, ताक. तू चुलीपुढून उठायचीस ती भाकरीची टोपली कडेवर घेऊनच. पंगतीतून फिरायचीस आणि कुणी ताटावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून अर्धी भाकरी सरकवायचीस. मी शाळेतून आल्यावर वाढायला यायची. एकदा एकानं मला "नको" म्हटलं, मी पुढं गेले. तू सगळ्यांसमोर माझा दंड धरलास. "तोंडाला काय विचारतीस? पोटाला विचार." आणि त्या माणसाच्या ताटात भाकरी टाकलीस, त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली. रात्री भांडी विसळताना मला नियम सांगितलास. घरात आपण कन्नड बोलायचो, पण हे तू मराठीत सांगितलंस, गिऱ्हाईक मराठी म्हणून असेल. पहिलं नको तोंडाचं असतं, रीत म्हणून. दुसरं लाजेचं. तिसरं पोटाचं. तिसरं आलं की टोपली पुढं न्यायची. माझा दंड दुखत होता, म्हणून राग आला होता, पण नियम पक्का बसला. पुढं शाळेत नोकरी केली, सासर केलं, सुना-जावयांचं केलं, कुणालाही तीनदा विचारल्याशिवाय ताटावरून उठू दिलं नाही. माझ्या हे कधी डोक्यातच आलं नाही की जगात एकदाच विचारणारेही लोक असतात.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी लेकीला हळूच म्हटलं, "मला लई भूक लागलीय गं." ती फळं आणायला उठली. तेवढ्यात तोच काळ्या कोटातला वाढपी खाली वाकला. आतापर्यंत इंग्रजीत मॅडम मॅडम करणारा तो, म्हणाला, "काकू, सोलापूरकडच्या का?"

"सोलापूरचीच. तू कुठला?"

"नातेपुत्याचा की. काल तुमी सगळं परत लावलं, मला वाटलं उपास हाय."

मी त्याला झालं ते सांगितलं. लाज बाजूला ठेवून सांगितलं, कारण पोटात कावळे ओरडत होते. त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, हितं एकदाच इचारायचं. शिकवतानाच सांगत्यात. पावणा न्हाय म्हणला की फुडं जायचं. दुसऱ्यांदा इचारलं तर त्याला वाटतं, ह्यो त्रास देतोय."

"आणि तो लाजून नाही म्हणाला असला तर?"

"हितं कोण लाजतंय? पैसं भरल्यात समद्यांनी." मग बशीत उपमा वाढता वाढता म्हणाला, "मला बी सवय लागली. सुट्टीत घरी गेलतो. आई भाकरी घिऊन उभी. मी नको म्हणलं. तिनं परत इचारलं, तर मी म्हणलं, आई, एकदा सांगितलं की. ती भाकरी घिऊन आत गेली, ती माझं जेवण हुईपर्यंत भाईर आलीच न्हाय." त्याला ते अजून कळलं नव्हतं, असं नाही. कळलं होतं म्हणूनच सांगत होता. मला म्हणाला, "तुमी पयल्या झटक्यात व्हय म्हणा, बगा कसं पटापटा येतंय."

मग मी व्हय म्हणायला शिकले. अव्वा, काय काय खाल्लं म्हणून सांगू. पानाएवढा पातळ डोसा, भोपळ्याचं सूप, सात तऱ्हेचे पाव, आणि ते थरथरणारं आंब्याचंही. निळं सरबत प्याले, त्यात कागदाची छत्री खोचलेली. ऊन सरबताला लागू नये म्हणून असेल, असं मी म्हटलं, तर लेक खो खो हसली. चहाची मात्र बोंब. गरम पाण्यात पुडी बुडवायची आणि दूध वेगळं, म्हणजे चहाचं नुसतं सोंग. नातेपुत्याच्या त्या पोरानं आतून कुठून तरी उकळलेला, आलं घातलेला चहा आणून दिला, तेव्हा जीव जाग्यावर आला.

पण खाण्यापेक्षा मला बघण्यासारखी वाटली ती माणसं. गच्चीवर लांबच लांब आरामखुर्च्या मांडलेल्या आणि त्यांच्यावर भर दुपारी धडधाकट माणसं पडलेली. आजारी नाहीत, काही नाही. कुणी डोळ्यांवर टॉवेल घेतलाय, कुणी पाय चोळून घेतंय पैसे देऊन. मी टॉवेल तेवढा चाचपून बघितला, आपल्या सोलापूरच्या मागावरचा आहे का म्हणून. सांगता येईना. मीही पडून बघितलं. आधी पाय कुठं ठेवावेत कळेना. मग सारखं वाटायला लागलं की कुणीतरी येऊन म्हणेल, उठा, काय चाललंय. कुणी आलं नाही. तू कधी अशी पडलीस का, ते आठवायला लागले. तू बसायचीस, उंबऱ्यात, पंगत उठल्यावर, पाय पसरून, टोपलीच्या झाकणानं वारा घेत. आणि बसल्या बसल्या उद्याची मटकी निवडायचीस. त्याला बसणं म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही.

संध्याकाळी कठड्याशी उभी राहिले. सगळीकडं पाणी, दुसरं काहीच नाही. आणि अचानक ती बस आठवली.

दिवाळी होती. माग बंद. खानावळीतल्या माणसांनी वर्गणी काढून कोकणात समुद्र बघायला बस ठरवली होती. आधी एकानं जेवता जेवता विचारलं, "अव्वा, तुमी बी चला की पोरीला घिऊन." तू म्हणालीस, "नको बाबा. समुद्रात काय बघायचंय, नुसतं पाणी." मग निघायच्या आदल्या दिवशी म्हातारा जॉबर, तोच सगळ्यांचे माग दुरुस्त करायचा, तो मुद्दाम आला. म्हणाला, "म्होरची सीट ठिवलीया तुमच्यासाठी." तू म्हणालीस, "नको. हिची शाळा असती." अव्वा, शाळेला सुट्टी होती. तोही ऐकून गेला, मीही ऐकलं.

सकाळी बस दारात आली ती शिदोरी न्यायला. तू कडक भाकऱ्यांची चळत, चटणी, लाडू असं सगळं गाठोड्यांत बांधून ठेवलं होतंस. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, माणसं घाईत होती, गाठोडी उचलली, "येतो अव्वा" म्हणाली आणि बस गेली. तू दारात उभी होतीस. अंगावर इरकल होती, लग्नकार्यातच नेसायचीस ती. मी विचारलं तर म्हणालीस, सण आहे. नंतर आत जाऊन ती घडी करून ठेवलीस आणि रोजचं नेसलीस. त्या दिवशी आपण पिठलं-भाकरी खाल्ली, कारण आदल्या रात्री तू काही भिजतच घातलं नव्हतंस. खानावळ बंद होती हे खरं, पण आपल्या घरात काही भिजत नाही अशी रात्र मला दुसरी आठवत नाही.

परत आल्यावर जॉबरनं तुला बाटलीभर समुद्राचं पाणी आणून दिलं होतं. तू बोट बुडवून चाटलंस आणि म्हणालीस, "आमटीला चालंल." सगळे हसले. ती बाटली मिठाच्या बरणीशेजारी किती वर्षं होती. मी ती पुसायची, पण कशासाठी ठेवलीय, ते विचारलं नाही.

मी त्या कठड्याशी उभी राहून हिशेब लावत बसले. इरकल खरंच सणाची असेल. मटकी भिजत घालायची खरंच विसरली असशील. समुद्र तुला खरंच नुसतं पाणी वाटत असेल. की तू दारात तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी होतीस? सगळ्या पंगतीचं पोट ओळखणारी तू, आणि तुझं ओळखायला टोपली घेऊन कुणी फिरतच नव्हतं. मला हे फार जाणून घ्यायचंय, अव्वा. रागानं नाही, रडायलाही नाही. नुसतं कळायला पाहिजे. तू कुणाकडून काय मागून खाल्लंस, तुला कशाची हौस होती, मला एक सांगता येत नाही.

शेवटच्या जेवणाला नातेपुत्याच्या त्या पोरानं गुलाबजाम आणले. मी दोन खाल्ले होते. त्यानं इकडंतिकडं बघितलं, त्याचा साहेब लांब होता. म्हणाला, "आणि एक वाढू?" मी म्हटलं, नको. "घ्या की काकू." नको रे. "माझ्यासाठी एक." मी ताटावर हात आडवा धरला, नको बाबा, खरंच नको. त्यानं वाटी मागं घेतली आणि असा हसला, जणू मी त्याच्याच घरी जेवले. लेक बघत होती. म्हणाली, "किती छळतोय तो तुला." तुझा नियम तिला तेव्हाच सांगायला पाहिजे होता.

हे पत्र टाकायचं कुठं? तुझा पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. तू वाचून उलट मलाच विचारलं असतंस, बरं, तो वाढपी जेवला का? शिवाय एक गोष्ट तुझ्यापासून लपवली असती, ती इथं लिहून ठेवते.

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी परत जाऊ या? या वेळी लांबचं काढू, श्रीलंकेचं." माझ्या डोळ्यांपुढं आधी ती आरामखुर्चीच आली. मी म्हटलं, "नको गं, एकदा बघितलं, बास झालं." ती म्हणाली, "ओके," आणि दुसऱ्या विषयावर गेली. शहाणी पोरगी आहे, कुणाला नको म्हटल्यावर त्रास देत नाही. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून उठते.

अव्वा, ते माझं पहिलंच नको होतं.