बाबा आणि ढब्बूचं वजन

३ फेब्रुवारी
बाबांचं म्हणणं, आमचा कुत्रा जाड नाही, अंगाने भरलाय. पण दवाखान्यात डॉक्टरीणबाई ढब्बूच्या बरगड्या चाचपत राहिल्या, हाताला काही लागेचना. "हृदय थकलंय याचं. वजन उतरवा, नाहीतर उन्हाळा काढणार नाही."
परतताना बाबांनी ढब्बूची साखळी माझ्या हाती दिलीच नाही. आई गेल्यापासून दिवसभर त्यांच्या सोबतीला तोच एक.

५ फेब्रुवारी
दूध बंद – वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचतच नाही म्हणे. शिजवलेली हाडंही बंद; त्यांच्या चिरफळ्या आतड्यात टोचतात. आणि आम्ही दातांना चांगली म्हणून कौतुकाने घालत होतो!
बाबा म्हणाले, "कुत्र्याला दूध नको? उद्या माशाला पाणी नको म्हणाल."
दुपारी फरशीवरचं ऊन सरकेल तसा ढब्बू झोपेतच त्याच्या मागे सरकत होता. मी हातातलं काम सोडून बघत बसले. घर पाण्याखाली असावं तसं शांत.

९ फेब्रुवारी
ढब्बू एकटा काट्यावर ठरत नाही. म्हणून बाबा त्याला उचलून उभे राहतात, मी वाकून आकडा वाचते आणि त्यातून बाबांचं वजन वजा करते. ते त्यांनीच सांगितलेलं – "लग्नापासून तेच आहे माझं."
आकडा चार दिवसांपूर्वी होता तिथेच. वाढला नाही, हेही नसे थोडके.

१४ फेब्रुवारी
जेवताना टेबलाखाली पायांवर कोमट श्वास. असं बघतो की जणू चार दिवसांचा उपाशी. भूक नव्हे, सवय – हे आता पाठ झालंय, तरी जीव तुटतोच. आमचे हे म्हणाले, "मी खाली बघतच नाही. त्याच्याकडे बघितलं की मलाच चोर असल्यासारखं वाटतं."
बाबांचं ताट मात्र लख्ख! म्हणाले, "तुझ्या हाताला तुझ्या आईची चव आलीय." तेवढ्यावर दिवसभर तरंगत होते मी. भांडी घासताना आईच शेजारी उभी आहे असं वाटत राहिलं.

२० फेब्रुवारी
आकडा तोच.

२४ फेब्रुवारी
दवाखान्याच्या काट्यावर ढब्बू चांगलाच वाढलेला. "कोणीतरी चोरून घालतंय याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, घरी तर वाढला नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यात म्हणाले, "काटा बिघडलाय त्यांचा."
मलाही तेच खरं असावंसं वाटलं.

२५ फेब्रुवारी
सकाळी म्हटलं, बाबा, ढब्बूला खाली ठेवा. आज एकटेच उभे राहा.
"कशाला? माझं माहीत आहे ना तुला."
तरी माझा खांदा धरून चढले, मग हात सोडला. मी वाकून आकडा वाचला. पुन्हा वाचला. ढब्बू जेवढा वाढला, तेवढे बाबा उतरले होते.
वर बघायचा धीर होईना. त्यांच्या घोट्यांकडे बघत तशीच वाकून राहिले.