दोन पुलांमधली होडी

मी, सौ. मनुबाई गुणाजी नाखवा, वय ७२, महापालिका शाळेतील निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, त्याचा डॉक्टरांनी दिलेला कागद सोबत जोडला आहे. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, कारण माझ्यावर दडपण आणेल असे या घरात कोणी उरलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेवढी सवड मिळाली नाही.

१. कोपरीतील राहते घर माझ्या नावावर आहे. माझे पती श्री. गुणाजी हयात असेपर्यंत त्यांनी त्यात राहावे. त्यांच्यानंतर ते माझा एकुलता एक मुलगा दर्शन याला मिळावे. दर्शन घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहतो आणि तिथून खाडी दिसते म्हणून सर्वांना सांगतो. ज्या खाडीच्या काठी तो वाढला तिच्याकडे त्याने तेव्हा कधी मान वर करून पाहिले नाही. पण घर त्याचेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. माझे सोन्याचे दागिने, पुस्तके आणि शाळेने निरोपाच्या वेळी दिलेला पृथ्वीचा गोल माझी नात, दर्शनची मुलगी रुचिता हिला द्यावा. गोलावर हिंदी महासागराच्या जागी रंग उडाला आहे. तिथे तिच्या आजोबांचे बोट रोज फिरत असे. बोटाशिवाय दुसरे काही तिथपर्यंत पोचले नाही.

३. जर्मनचा चार पुडांचा मोठा डबा माझ्या पतींचे मित्र श्री. साईनाथ यांना द्यावा. दर रविवारी होडीवर बसून त्यांनी या डब्यातील तळलेले बोंबील, कोलंबीचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. डबा रिकामा द्यावा. तो भरून देणारी बाई आता मिळणार नाही, हे त्यांना तोंडी सांगावे.

४. आता होडी. हे मृत्युपत्र मी मुख्यतः होडीसाठीच करत आहे, बाकीच्या गोष्टी न सांगताही झाल्या असत्या.

'रखमा' ही शिडाची छोटी होडी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून बांधली आणि कागदोपत्री ती माझी आहे. नाव मात्र माझ्या सासूबाईंचे. दोन माणसे झोपतील एवढी खोली, एक शेगडी, पाण्याची टाकी, असे सर्व तिच्यात आहे. माझे पती वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात कारकून होते. आमचे आडनाव नाखवा, म्हणजे होडीचा धनी, पण सासऱ्यांनंतर घरात कोणी दर्यावर गेले नाही. निवृत्त झाल्यावर ह्यांच्या मनाने घेतले की आपण शिडावर निघायचे: अलिबाग, मालवण, गोवा, कोचीन, आणि तिथून लक्षद्वीप. मला ते आवडले. हेही इथे लिहून ठेवते. मला ते फार आवडले. आयुष्यभर मुलांना नकाशावर बेटे दाखवली, एक तरी पाहावे असे वाटले, म्हणून मी निधी काढला.

होडी आमच्या कोळीवाड्यासमोर उभी आहे. तिच्या एका बाजूला कळव्याचा पूल आहे आणि समुद्राकडच्या बाजूला ऐरोलीचा. डोलकाठी उभी ठेवून ऐरोलीच्या आणि त्यापुढच्या पुलांखालून जाता येत नाही. होडी बांधणाऱ्या सुताराला डोळे होते, त्याला पूल दिसत होता. म्हणून त्याने काठीच्या बुडाशी बिजागरी ठेवली. एक खीळ काढली की काठी आडवी होते, पूल संपले की पुन्हा उभी करायची. एवढेच.

पण होडी पाण्यात सोडली त्या दिवशी सासूबाई रखमाबाईंनी काठीला हळदकुंकू लावले, नारळ बांधला आणि मुलाला सांगितले, "काठी उभी झाली ती झाली. आता खाली घ्यायची नाय. तुज्या बाचा काय झाला ते इसारलास का?"

सासऱ्यांनी होडीला इंजिन बसवून डोलकाठी उतरवली होती आणि त्याच वर्षी ते गेले. दारूने गेले, पण दोष काठीवर आला. काठी उतरली की घरचा कर्ता जातो, असे सासूबाईंनी ठरवले आणि ह्यांनी ते मान्य केले. होडी सोडली त्याच दिवशी सासूबाईंनी दुसराही नियम घातला: बाईमाणसाने होडीवर पाय ठेवायचा नाही. त्या स्वतः, ज्यांचे नाव होडीवर आहे, कधी चढल्या नाहीत. मीही नाही.

तेव्हापासून लक्षद्वीपची मोहीम दोन पुलांच्या मध्ये चालू आहे. दर रविवारी हे, साईनाथ आणि आणखी दोघेतिघे होडीत बसतात, नकाशा पसरतात आणि वाऱ्यांवर भांडतात. ओहोटी लागते, होडी चिखलात बसते, तरी ह्यांची मालवणच्या खडकांना वळसा घालण्याची चर्चा थांबत नाही. मी धक्क्यावरून बांबूच्या टोकाला डबा अडकवून पुढे करते. एकदा मी म्हटले, काठी खाली घ्या आणि निघा, मीही येते. ह्यांनी पाण्याकडे पाहिले. उत्तर साईनाथांनी दिले.

"वैनी, डबा द्या न् जावा घरी. होरीवर बायकांचा काय काम?"

माझ्या पैशाच्या होडीत बसून, माझे बोंबील खात. ते वाक्य मी विसरलेले नाही. कलम तीन पुन्हा वाचावे.

काठीचे कारण उघड सांगायला लाज वाटते, म्हणून ह्यांनी पंचांग हाताशी धरले. नारळी पौर्णिमेला दर्या खुला होतो, पण लगेच गौरी-गणपती. मग पितृपक्ष, त्यात कोणी निघत नाही. मग नवरात्र, मग दिवाळी. मग भावकीतली लग्ने. मग शिमगा, मग चैत्रात एकवीरेची पालखी, आणि ती झाली की ऊन वाढते आणि पाऊस तोंडावर येतो. "पुढच्या वर्षी नक्की, मनू." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते बोलायला तोंड उघडतात तेव्हा मी कुकर लावायला उठते.

माझ्या मुलाला होडी त्याच्या सोसायटीच्या बागेत हवी आहे. "मम्मी, मस्त लाइटिंग करून ठेवतो ना स्विमिंग पूलच्या बाजूला. लोक फोटो काढतील. पप्पांचं नाव पण राहील." मुलगा आहे, म्हणून इथे एवढेच लिहिते की होडी दर्शनला कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही. रुचिता वेगळी आहे. तिने मुंबईला जाऊन शीड हाकायचे रीतसर शिक्षण घेतले. "आजी, तू फक्त चल. आजोबांना मी बघते," असे ती मला कित्येकदा म्हणाली. मी गेले नाही. नातीच्या होडीत बसायला मला कोणाची भीती नव्हती. पण लक्षद्वीपला नेतो असे मला नातीने सांगितले नव्हते.

५. सबब 'रखमा' होडी मी माझे पती गुणाजी यांना पुढील अटीवर देत आहे. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या नारळी पौर्णिमेपासून त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्यांनी काठी खाली घ्यावी, ऐरोलीच्या व पुढच्या पुलांखालून होडी बाहेर काढावी, काठी पुन्हा उभी करावी आणि समुद्रावर जावे. लक्षद्वीपची अट नाही. अलिबाग चालेल. सोबत रुचिता असावी, म्हणजे ते परतही येतील. सुतक, वर्षश्राद्ध, गुडघा आणि साईनाथांची सवड ही कारणे ग्राह्य धरू नयेत. अट मोडल्यास होडी पूर्णपणे रुचिताची.

काठीच्या भीतीबद्दल एक खुलासा. सासूबाई म्हणाल्या, घरचा कर्ता जातो. घर भाड्याचे होते तेव्हा भाडे कोणी भरले, दर्शनची फी कोणी भरली, सासूबाईंचे औषधपाणी कोणी केले आणि होडी कोणी बांधली, हे कोपरीत कोणालाही विचारावे. कर्ता मी आहे. मी तर जाणारच आहे, तसा डॉक्टरांचा कागद आहे. त्यामुळे काठीला जे घ्यायचे ते ती माझ्याकडून घेईल आणि ह्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. आता तरी घाबरू नये.

६. मी जिवंत असताना काठी खाली आली आणि मला होडीत बसा असे कोणी म्हटले, तर कलम पाचमधील अट रद्द समजावी. माझी पिशवी दारामागे भरून ठेवली आहे. त्यात स्वेटर, आल्याच्या वड्या, गोळ्या आणि जास्तीचा चष्मा आहे. ती कालपरवा भरलेली नाही. होडी पाण्यात सोडली त्या दिवसापासून ती तिथेच आहे, फक्त गोळ्या नव्या आहेत.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रुचिता दर्शन नाखवा हिने करावी.

सह्यांपूर्वीची नोंद: वरील मजकूर साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचला. माझे पती बाहेरच्या खोलीत होते आणि दार उघडे होते. कलम सहा संपल्यावर त्यांनी माळ्यावरून पान्यांची पेटी काढली आणि ते धक्क्याकडे गेले. आत्ता ते परत येऊन दारात उभे आहेत. खीळ गंजली आहे म्हणतात, आणि खोबरेल तेलाची बाटली कुठे आहे ते विचारतात. दर्या बंद आहे, पाऊस पडतो आहे, आणि या माणसाला आज मुहूर्त सापडला. बाटली दिली आहे. पिशवी अजून दारामागेच आहे, पण त्यांनी जाताना ती पाहिली. मृत्युपत्र आहे तसेच कायम.

ठिकाण: कोपरी, ठाणे पूर्व
दिनांक: २१ जुलै २०२५

लिहून देणार:
(सही) मनुबाई गुणाजी नाखवा

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचून, समजून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर सही करत आहोत.
साक्षीदार:
१. (सही) धम्मपाल जाधव, शेजारी, कोपरी
२. (सही) संचिता वैती, माजी विद्यार्थिनी, कळवा