प्रतिस्पर्धी गैरहजर

नागपूर, ८ जानेवारी १९५७

तीर्थरूप भाऊंस, गुलाबचा शि. सा. न. वि. वि.

मुष्टियुद्धात विदर्भाच्या अजिंक्यपदासाठी, जड वजनी गटात, शेवटच्या सामन्यात माझं नाव लागलं आहे. आनंद करू नका. तीन फेऱ्यांत मला एकही ठोसा बसलेला नाही. पंच समोरच्याचं नाव तीनदा पुकारतात, कोणी येत नाही, माझा हात वर करतात. गिरणीतले लोक म्हणतात, गिरणीच्या साहेबांनी समोरच्यांना पैसे चारले.

परवा पुकारलेलं नाव आपल्या कारंज्याच्या नत्थूचं होतं, ट्रक चालवतो तो. माझा हात वर होता तेव्हा समोरचा दोर हलत होता. वारा नव्हता.

त्यानं पैसे घेतले का, विचारून कळवावं. घेतले असतील तर मी सत्तावीस तारखेला शेवटच्या सामन्यात उतरणार नाही.

वहिनींस नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

आपला, गुलाब

कारंजा, १४ जानेवारी

चि. गुलाबास अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी म्हणते, भाऊजी हवेशी लढतात नि हवाच हरते. तिळगूळ धाडला आहे. समोरच्यालाही दे, भेटला तर.

नत्थूला ढाब्यावर गाठलं. पैशाचं काढताच हसला. म्हणाला, पैसे द्यायले मी दिसलो तर पाह्यजे ना भाऊ. मी गेलतो. हातमोजे बांधून गुलाबच्या समोर उभा होतो, तिन्ही खेपेस हजर म्हटलं. पंच माझ्यातून दाराकडे पाहून राह्यले होते. दसऱ्याले बौद्ध झालो तेव्हापासून असं होते. आधी दूर सरक म्हणाले तरी लोक पाहत. पण गुलाबलेही दिसलो नाई, याचं नवल.

मी दोन चहा सांगितले होते. ढाबेवाल्यानं एकच आणून ठेवला.

तूच ठरव. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

पुंडलिक

नागपूर, २० जानेवारी

तीर्थरूप भाऊंस, शि. सा. न. वि. वि.

आधी नत्थूशी लढतो, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी पंचांची वही दाखवली. प्रतिस्पर्धी गैरहजर. म्हणाले, घरी चालून आलेलं पद मुकाट्यानं घे. मी नाव काढून घेतलं.

सत्तावीसला तिकडे येतो. ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत लढू. नत्थूला कळवावं.

राग नसावा, लोभ असावा.

गुलाब

नागपूर, ३० जानेवारी

तीर्थरूप भाऊंस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही घंटेऐवजी थाळी वाजवलीत तेव्हा मला समोर नुसता धूर दिसत होता. डोळ्याखाली ठोसा बसला आणि नत्थू दिसला. ट्रकवाले तुम्हांला विचारत होते, हा एकटाच काऊन पडून राह्यला, ते मी ऐकलं.

गिरणीच्या दवाखान्यात कोणी मारलं विचारलं. नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं, पडून इजा. मी सही केली नाही.

वहिनींना सांगावं, हवेचा हात जड आहे. आठवण काढत जावी.

सूज उतरत आली आहे. उतरल्यावर तो पुन्हा दिसेल का, याची भीती वाटते. नत्थूला म्हणावं, त्याआधी येजो.

गुलाब