केर्नबाखची गल्ली

मुऐदर, दोहा
सप्टेंबर २०२२

प्रिय गंधार,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून ठेवून देते. शिवाय जे सांगायचंय ते लांबलचक आहे. अनयला सांगूनच लिहायला बसले. तो म्हणाला, “लिही, माझा नमस्कार कळव. पण तुझं हे अक्षर त्याला लागणार आहे का?” तेव्हा त्याचा नमस्कार आणि अक्षराबद्दल माझी माफी, दोन्ही एकदमच घे.

दोहा सध्या लग्नघरासारखं झालंय. नोव्हेंबरात वर्ल्ड कप, त्यामुळे निम्मे रस्ते खणलेले आणि उरलेल्यांवर नवे दिवे. उंच इमारतींच्या अंगावर खेळाडूंचे कित्येक मजली चेहरे चढलेत. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तांदळाच्या पोत्यांवर बत्तीस देशांचे झेंडे लावलेत, आणि कुठलाही देश खेळला तरी तो आपलाच, असं त्याचं म्हणणं. मी प्रदर्शनं उभी करणाऱ्या एका कंपनीत आहे हे तुला ठाऊक आहेच. वर्ल्ड कपच्या निमित्ताने इथे कार्यक्रमांची झुंबड उडालीय. त्यातलंच एक प्रदर्शन आमच्याकडे आलं: सिनेमासाठी बांधलेली आणि शूटिंग संपल्यावर मोडून टाकलेली शहरं. त्याचा मोठा भाग एकाच जर्मन कलादिग्दर्शकावर आहे, लुडविग केर्नबाख. तू नाव ऐकलं नसशील, मीही ऐकलं नव्हतं. तो वारला त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण त्याची मुलगी रेनाटे उन्हाळ्यापासून इथे आमच्या डोक्यावर बसलीय. वय पंचाहत्तर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि भर उन्हात वर्कशॉपला येऊन पहिला प्रश्न, “आज काय चुकवलंत?”

गंधार, हा माणूस तुला फार आवडला असता. सुताराचा मुलगा. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्टुडिओत नकाशे काढायला लागला, तेवढ्यात युद्ध आलं. चार वर्षं सैन्यात आणि मग कैदेत काढून परतला, तर ज्या स्टुडिओत तो शिकला त्याला छप्परच उरलेलं नव्हतं. शहरात लाकूड नाही, खिळे नाहीत, रंग नाहीत. अशात त्याला पहिलं काम मिळालं ते एका श्रीमंताच्या दिवाणखान्याचं! त्याने वर्तमानपत्रांचे थर चिकटवून भिंती केल्या, त्यावर काजळी आणि खळ यांनी नक्षी काढली, संगमरवरी फरशी कागदावर रंगवली आणि नटांना मोजे घालून चालायला लावलं. रेनाटे सांगते, तो सिनेमा तसा सुमारच होता, पण कडाक्याच्या थंडीत लोक पुन्हा पुन्हा येऊन बसत. आई तिला म्हणायची, “आम्ही गोष्ट बघायला नव्हतो जात गं, छत बघायला जात होतो.” हे ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन उगाचच आमच्या हॉलच्या छताकडे बघत बसले.

मग त्याचे चांगले दिवस आले. पन्नासच्या दशकात वर्षाला चार-चार सिनेमे. डोंगरातली गावं, राजवाड्यांचे जिने, बंदरं, सगळं चार भिंतींच्या आत. त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे बंदराकडे उतरणारी एक गल्ली. पडद्यावर ती अर्धा मैल लांब दिसते. प्रत्यक्षात एक बस उभी राहील एवढ्या जागेत बांधलेली. पुढची घरं पुरी मोठी, मागची लहान होत होत शेवटचं घर आपल्या कपाटाएवढं. शेवटच्या घरापाशी पुरा माणूस उभा केला तर तो राक्षस दिसेल, म्हणून केर्नबाखने सहा वर्षांच्या रेनाटेला कोट-टोपी चढवली आणि तिथून चालवली. पडद्यावर दूर कामावरून परतणारा एक दमलेला खलाशी दिसतो, ती ही आमची रेनाटे!

तीच गल्ली आम्हाला इथे उभी करायची होती. उम्म सलाल मोहम्मदच्या बाहेर आमचं वर्कशॉप आहे. साताऱ्याकडचे शहाजीराव आमचे मुख्य सुतार. केर्नबाखचे मूळ नकाशे कॉम्प्युटरवर घेतले, लेझरने मापं टाकली, एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही. गल्ली उभी राहिली, आणि गंधार, ती खोटी दिसत होती. भातुकलीची घरं एका रांगेत मांडावीत तशी. शहाजीराव चारही बाजूंनी फिरले आणि म्हणाले, “म्याडम, माप बरुबर हाय, पर गल्ली न्हाई झाली.” आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने आठवडाभर वाट पाहिली आणि मग साफ सांगितलं, “खलास. जुना फोटो मोठा करून फ्लेक्सवर छापा आणि भिंतीला लावा. वेळ नाहीये.” मी चिडून भांडले, पण मला तरी कुठे ठाऊक होतं काय चुकतंय ते? रेनाटे तेव्हा आजारी होऊन हॉटेलवर पडली होती.

ती उठून बसल्यावर मी तिला मोकळ्या हवेसाठी संध्याकाळी समैस्माच्या किनाऱ्यावर नेलं. मोकळी हवा कसली, दमटपणाने चष्म्यावर पाणी धरत होतं. पण ओहोटी होती, माणसं कमी होती. मी तिला फ्लेक्सचं सांगितलं. मग तिने उजव्या हाताने स्वतःचा डावा डोळा झाकला आणि समुद्राकडे बघत म्हणाली, “बाबांना हा डोळा नव्हता. तुला कुणी सांगितलं नाही?”

कुणीच सांगितलं नव्हतं. कुठल्याच कागदपत्रात नव्हतं, कारण त्यानेच आयुष्यभर ते फारसं बाहेर येऊ दिलं नाही. युद्धात कसलासा तुकडा लागून डोळा गेला. त्याबद्दल कुणी हळहळलं की तो म्हणे, ते युद्ध आपणच सुरू केलं होतं, माझी कसली कीव करता. पण परतल्यावरचं पहिलं वर्ष भयंकर गेलं. कपात ओतलेली कॉफी टेबलावर. हातोडी खिळ्याच्या शेजारी. शिडीच्या शेवटच्या पायरीचा अंदाज चुकून एकदा खाली आला आणि कॉलरचं हाड मोडून घेतलं. ज्याचा सगळा धंदाच जवळ-लांबचा, त्यालाच जवळ-लांब कळेना. बायकोला म्हणाला, मी टपाल वाटायचं काम बघतो. ती बाई रोज टेबलावर ठोकळे, वाट्या, बटाटे काहीही मांडून ठेवायची आणि त्याच्यापुढे कागद सरकवायची. तो चित्र काढायचा, मग हात पुढे करून वस्तू चाचपायचा, आणि कुठे फसलो ते कागदावर दुरुस्त करायचा. सावली कुठे गडद होते, लांबची कड कुठे विरते, रंग कधी फिके पडतात, हे सगळं तो नव्याने शिकला. दोन डोळ्यांचा माणूस याकडे बघतच नाही रे, त्याची गरजच पडत नाही.

त्याने काचेचा डोळा बसवला आणि कामाला लागला. तीन-चार सिनेमे झाल्यावर एका निर्मात्याला कळलंच. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “माझे सेट एका डोळ्याचा माणूस बांधणार?” केर्नबाख शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमच्या कॅमेऱ्याला किती आहेत?” रेनाटे म्हणाली, त्या दिवसापासून बाबांनी लपवणं सोडलं नाही, पण घाबरणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला जाताना मी मेडिकलमधून डोळ्यावर लावायची पट्टी घेतली आणि डाव्या डोळ्याला लावली. रेनाटेने मॅनेजरकडून कशीबशी थोडी मुदत मागून घेतली. त्या दिवसांत मी काय काय केलं विचारू नकोस. चहा सांडला, दाराच्या चौकटीला खांदे शेकून घेतले, गाडी अनयनेच चालवली. आमची धाकटी लेक खदखदून हसली, “आई, यू लुक लाइक अ पायरेट!” पहिले दोन दिवस मला नुसतं रडू येत होतं, आणि ते गल्लीमुळे नव्हतं. नंतर मात्र हळूहळू दिसायला लागलं. आम्ही लांबच्या खिडक्या जवळच्यांइतक्याच ठसठशीत रंगवल्या होत्या. सगळ्या दिव्यांना एकच पिवळा रंग दिला होता. सावल्या वरच्या लाइटवर सोडल्या होत्या, केर्नबाखने त्या हाताने रंगवल्या होत्या. शहाजीरावांनीही एका डोळ्यावर रुमाल बांधला. दोघं मिळून पुसत गेलो, विरवत गेलो. आणि गल्लीसमोर भिंत घालून तिला डोळ्याच्या उंचीवर एकच भोक ठेवलं, एका वेळी एकाच डोळ्याने बघता येईल असं.

मग धाकटीला कोट-टोपी घालून शेवटच्या घरापाशी सोडलं. मॅनेजर भोकाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. तसाच म्हणाला, “वल्लाह!” म्हणजे ‘देवाशपथ’. रेनाटेने डोळा लावला आणि एकदम जर्मनमधून ओरडली. मी घाबरले. नंतर कळलं, ती म्हणत होती, “पाय ओढू नकोस, तू मोठा माणूस आहेस, सरळ चाल!” तिचे बाबा तिच्यावर हेच ओरडले होते म्हणे. मग ती एका पेटीवर बसली आणि हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्याची उरलेली कारकीर्दही सांगून टाकते, कारण मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक तिथेच वाटतं. साठचं दशक आलं आणि नवी मुलं म्हणाली, कशाला हवेत खोटे रस्ते, खऱ्या रस्त्यावर जाऊ. स्टुडिओ विकला गेला, तिथे गोदाम झालं. केर्नबाख कुणावर रागावला नाही. “पोरांचं बरोबर आहे, त्यांना खरी गल्ली मिळतेय, आम्हाला मिळत नव्हती,” म्हणाला आणि टीव्हीत सूपच्या जाहिरातीसाठी स्वयंपाकघरं बांधू लागला. तीही तितक्याच मन लावून. दहा-बारा वर्षांनी त्याच मुलांपैकी एक, आता नावाजलेला दिग्दर्शक, त्याच्या दारात आला. त्याला स्वतःच्या आईची खोली हवी होती आणि ती इमारत पाडली गेली होती. केर्नबाख त्याच्याशी नुसता बोलत बसायचा: सकाळी उजेड कुठून यायचा, दार कुरकुरायचं का, आई कुठे बसून भाजी चिरायची? खोली तयार झाली तेव्हा दिग्दर्शक उंबऱ्यावरच थांबला. आत जायला त्याला अर्धा दिवस लागला. केर्नबाख तेव्हा पासष्टीचा होता. त्यानंतर शेवटपर्यंत त्याला काम कमी पडलं नाही.

आता का लिहितेय ते. उन्हाळ्यात तुझा दोन ओळींचा मेसेज आला, ‘काम सोडलं. मजेत आहे.’ तू मजेत असताना कधी तसं लिहीत नाहीस, म्हणून मी चैत्रालीला फोन केला. बहिणीला शपथ घातली होतीस म्हणे, पण ती रडली आणि सांगून बसली. सिनेमाचा सेट बांधताना ताणलेली तार सुटली, तुझा डावा डोळा गेला, दोन ऑपरेशनं झाली, आणि तू नाशिकला येऊन पेन्सिली कुणाकुणाला वाटून टाकल्यास. तू मुंबईला गेलास, मी अनयबरोबर इकडे आले, त्यात वाईट कुणाचंच झालं नाही, पण तुझ्या हाताइतका भरवसा मी दुसऱ्या कुणाच्या हातावर ठेवलेला नाही. पट्टी मी गल्लीसाठी लावली असं इथे सगळ्यांना वाटतं. तू एकट्याने अंधाराच्या त्या बाजूला बसलायस हे मला इथून बघवत नव्हतं रे. प्रदर्शन वर्ल्ड कपनंतर दुसऱ्या देशात जाणार आहे, आणि त्याआधी ती आईची खोली बांधायचीय. मी तुझं नाव दिलंय. तुझ्या डोळ्याचंही सांगितलंय, रेनाटेने फक्त विचारलं की हा माणूस वेळेवर येतो का, आणि मी तिला खोटं सांगितलं. व्हिसाचं आम्ही बघतो. लगेच होकार नकोय मला, नकारही नको. पुढचा कागद मुद्दाम कोरा ठेवलाय. तुझ्या आईच्या स्वयंपाकघराची खिडकी काढून पाठव. वाकडी आली तरी चालेल, दोनदा खोडलीस तरी चालेल, पण पाठव.

पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
गार्गी